ऐकल्याशिवाय गाडी सोडायची नाही

९ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कट करायची सोय नाही. फाडता येईल, पण तू फाडणार नाहीस. पुडी बांधून आलेला कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नव्हतास.

घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. साधी विचारणा आहे. तुझी जुनी मोटरसायकल मी बाहेर काढलीय. बाहेर म्हणजे गॅरेजमधून घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात. तिथे ती उभी राहते, पण वळत नाही. मी एका बाजूने तिच्याजवळ जाते आणि दुसऱ्या बाजूला काम असलं की सगळ्या घराला वळसा घालते.

टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, ऑइल बदललं आणि बाई चालू झाल्या. पण वरून, हेडमधून, टकटक येते. इंजिन गार असताना जास्त, तापल्यावर जरा कमी. रेस केली की टकटकही वेग धरते. तू चालवत होतास तेव्हा हा आवाज होता का? एवढंच कळव.

अण्णांना विचारलं. गेल्या वर्षी मागून येणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ते तुला कळवलं होतंच. तेव्हापासून ते वरच्या खोलीतच असतात. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जातात, जिना उतरत नाहीत. मी म्हटलं, इंजिन टकटकतंय. तर म्हणाले, "कसं? तोंडाने काढून दाखव."

आता बोल! बाईमाणसाने पलंगापुढे उभं राहून जिभेने टक टक टक करायचं आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचं. दोनदा काढायला लावलं. मग म्हणाले, "टॅपेट."

बाकी सगळं ठीक आहे.

तुझी,
ठकी


१८ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बरं. टॅपेट मीच केले.

अण्णांनी वर सांगायचं, मी खाली येऊन करायचं, अडलं की पुन्हा वर. जिन्याच्या पायऱ्या झिजल्या तर त्याला मी जबाबदार. झाकणं काढली, पिस्टन खुणेवर आणला, व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही टॅपेट बोटाने हलतात ना ते पाहिलं आणि टॅपेट व व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत मापाची पाती घातली. "पुस्तकातून खूण ओढतो तशी निघाली पाहिजे," अण्णा म्हणाले. "अडकायला नको आणि घसरायलाही नको." माप अगदी बरोबर जमायचं, आणि नट आवळायला गेलं की स्क्रू त्याच्याबरोबर फिरून सगळं मुसळ केरात. हे काम इंजिन पूर्ण गार असताना करतात हेही मला बोटं भाजल्यावर कळलं.

पण जमलं. टकटक गेली. राहिला फक्त एकसारखा बारीक आवाज, खाली भाड्याने राहणाऱ्या शिवणवाल्या मावशींच्या मशीनसारखा. मी बोळातून ओरडले, "अण्णा, ऐका!" छान रेस केली आणि धावत वर गेले. ते खिडकीशी बसले होते, हात गजावर, डोळे मिटलेले. माझी सावली अंगावर पडली तसे डोळे उघडले.

"आहे अजून," म्हणाले.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला नोकरी लागलीय. डोंगरातल्या गावांमधल्या विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी तपासणारं एक केंद्र आहे. गावोगाव फिरून बाटल्या भरायच्या आणि केंद्रात आणून तपासायच्या. राहायला खोली देतात. स्वतःचं वाहन हवं ही अट. जानेवारीतच जायचं होतं, मी मुदत मागून घेतली. आता एक एप्रिल. पुन्हा मुदत मिळणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलंय.

अण्णा नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "जा. मावशी माझं बघतील. पण गाडीचा आवाज गेल्याशिवाय नाही. मी ऐकणार, मग सोडणार."

गॅरेजमधला त्यांचा नियम तुला पाठ आहे. ऐकल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ते डॉक्टर आठवतात? पेशंट खोळंबलाय म्हणून हातापाया पडत होते, तरी अण्णांनी पूर्ण ऐकून झाल्यावरच किल्ली दिली. तेव्हा आपण दोघं किती फुशारक्या मारायचो! आता त्या डॉक्टरांच्या जागी मी उभी आहे.

तू म्हणशील, किल्ली तुझ्याच खिशात आहे, नीघ. तू तसाच निघालास. एका घरातून एकाच माणसाला तसं निघता येतं रे. दुसऱ्यानेही तेच केलं तर मागे राहिलेल्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

ठकी


२ मार्च

दादा,

अण्णांच्या मते आता टायमिंग चेन, इंजिनाच्या आतली.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. काय ऐकू येतं! आत एक अख्खा कारखाना आहे. हेडपाशी बारीक टिकटिक, खाली घरघर आणि डावीकडे चेनपाशी सुकी खुळखुळ. म्हणजे अण्णा चुकले नव्हते. अण्णा शेवटी शेवटी हाच स्क्रूड्रायव्हर दातात धरून ऐकायचे, आठवतं? आणि आपण मागे उभं राहून दातात लाटणं धरून नक्कल करायचो.

चेन आणि तिला ताणून धरणारी पट्टी बदलायला आठवडा गेला. पट्टी मिळेना. शेवटी चौदा-पंधराने भंगारातून काढून दिली. होय, तोच, अण्णांच्या हाताखालचा, सतत चौदा-पंधराचा पाना हरवणारा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पोट सुटलंय, आणि पाना अजूनही हरवतो.

त्याला मुद्दाम घरी बोलावलं. त्याने कान लावला, रेस केली, मान डोलावली.

"ताई, शिलाई मशीन चाललंय. याहून कमी आवाज पाहिजे असेल तर सायकल घ्या."

मी म्हटलं, "चल, हेच वर येऊन अण्णांना सांग. ते म्हणतात, आहे अजून."

त्याचा चेहरा पडला. पुन्हा कान लावला, उगाच. "उस्ताद म्हणाले आहे?" मग हात पुसत म्हणाला, "मग असेल ताई. आपले कान कुठे तेवढे."

मला त्याच्या डोक्यात चौदा-पंधरा घालावासा वाटला.

दिवस कसे चाललेत सांगू? सकाळी अण्णांचा चहा, त्यांची अंघोळ, मग बोळ. दुपारी जेवण, मग बोळ. संध्याकाळी हाताचं ऑइल निघत नाही, पोळ्यांनाही वास लागतो. वरून वॉकरचा ठक ठक आवाज आला की मला न बघता कळतं, खिडकीकडे निघालेत. मी बोळात मान वर केली की भिंत, भिंतीवर पत्रा आणि मध्ये आकाशाची एक चिंधी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झालीय. बरं, अण्णा काही वाईट बोलत नाहीत. आवाज चढवत नाहीत. रोज तेवढ्याच शांतपणे सांगतात, "आहे अजून." भीक नको पण कुत्रं आवर, तसं मला आता म्हणावंसं वाटतं की परवानगी नको, पण ते दोन शब्द आवरा.

ठकी


११ मार्च

दादा,

आवाज गेला. संपला. शिलाई मशीनचासुद्धा.

मी विचार केला, त्यांना राहिलेली टिकटिकच ऐकू येत असणार. दुसरं आहेच काय? म्हणून टॅपेट पुन्हा उघडले आणि थोडे आवळले. आवाज कमी झाला, पण पूर्ण नाही. आणखी आवळले. पाती जाईना तशी पाती बाजूला ठेवली आणि हाताच्या अंदाजाने घेतलं. आता इंजिन इतकं गप्प चालतं की मावशी खिडकीतून म्हणाल्या, "बंद पडली का गं?" किकसुद्धा किती हलकी झालीय, चपलेच्या टोकाने मारता येते. तापल्यावर मध्येच बंद पडते, पण ते पेट्रोलमधल्या कचऱ्यामुळे असणार.

वर गेले. काय सांगितलं असेल? तूच सांग.

दादा, मला आता वेगळीच शंका येतेय आणि ती लिहायला हात धजत नाही, पण तुला नाही तर कुणाला लिहू. त्यांना मला सोडायचंच नाहीये. तोंडावर जा म्हणायचं आणि पायात आवाजाची बेडी घालायची. माझ्या हातात कधी पुरावाच येणार नाही, कारण आवाज आहे की नाही हे ठरवणारे तेच. एक एप्रिल गेला की ते म्हणतील, "आता गेला बघ आवाज." मग मी त्या गप्प गाडीवरून भाजी आणायला जाईन.

तुझ्याशी ते असेच वागले का? तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

उद्या मी त्यांची परीक्षा घेणार आहे.

ठकी


१२ मार्च

दादा,

दुपार आहे, अण्णा झोपलेत. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "चालू करते, ऐका." खाली आले. किकला पाय लावला नाही. भिंतीला टेकून नुसती उभी राहिले. मग वर गेले.

तसेच बसले होते, हात गजावर, डोळे मिटून. मला बघून म्हणाले, "आहे अजून. पण पुष्कळ कमी केलास. वरूनच येतोय." आणि तोंड पुन्हा खिडकीकडे केलं.

माझा तोल गेला. त्यांच्या पाठीमागे दारात उभी राहून मी ओरडले. गाडी चालूच नव्हती अण्णा, बंद होती! किती खोटं बोलाल? दादाला घालवलंत, आता मला कोंडून ठेवताय, आईसुद्धा या घरात श्वास कोंडून गेली. नाही नाही ते बोलले. आईचं तर खरंही नाही. गळ्यात टेप आणि हातात कात्री तशीच घेऊन मावशी जिना चढून धावत आल्या.

अण्णा शांत बसलेले. गजावरची धूळ बोटाने पुसत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते सहज वळले, मावशींना बघून दचकले आणि म्हणाले,

"काय झालं? कुकर जळला का?"



सगळं एकेक करून डोळ्यांसमोर आलं. "समोर येऊन बोल, पाठीमागून बोलायची ही काय पद्धत." "तोंडाने काढून दाखव." रेडिओ बंद करून टाकला, म्हणे ऐकण्यासारखं काही लागत नाही. तो टेम्पोवाला शपथा घालत होता की त्याने हॉर्न वाजवला, आणि आपल्या अख्ख्या गल्लीने त्याला खोटं पाडलं. एकाच घरात राहून मला कळलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी हट्टी झालेत.

मी त्यांच्या गुडघ्यांशी बसून, सावकाश ओठ हलवत विचारलं, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"कमी येतं," म्हणाले. मग खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "येत नाही."

"मग आहे अजून, आहे अजून असं का म्हणत होतात?"

"नाही कसं म्हणू? मी ऐकलंच नाही." जणू मीच वेड्यासारखं विचारतेय. "न ऐकता गाडी सोडली आणि डोंगरात काही झालं तर? आहे म्हटलं तर फार तर तू आणखी एकदा तपासशील. त्यात काही बिघडत नाही."

"सांगायचं होतं की हो मला!"

"काय सांगायचं? लोक माझ्याकडे हातासाठी येत नव्हते गं. कानासाठी यायचे." मग त्यांनी बोट एका कानाला लावलं. "लहानपणापासून वाहायचा एक. आधी तो गेला. मग दुसरा. गॅरेज चालू होतं तेव्हाच. मग दातात धरून ऐकायचो. हाडातून येतं तेवढं."

आपण नक्कल करायचो, दादा. लाटणं घेऊन.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

ठकी


२२ मार्च

दादा,

काल अण्णांना खाली आणलं. हाताच्या खुर्चीत बसवून पुढून चौदा-पंधरा, मागून मी, आणि मावशी प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हणायला. चौदा-पंधराला आधी सगळं सांगितलं होतं. तो रडला आणि मग लाजून कुणाचा तरी फोन आल्यासारखा बाहेर गेला.

बोळात खुर्ची गाडीला चिकटूनच ठेवावी लागली. अण्णांनी गॅरेजच्या बंद दाराकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला. मी स्क्रूड्रायव्हर दिला. त्यांनी तो बनियनला पुसला.

मी किक मारली. त्यांनी पाय बघितला. "एवढी हलकी?" म्हणाले. मग टोक हेडवर टेकवलं, मूठ दातात धरली आणि डोळे मिटले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, खूश होतील. कपाळाला आठ्या पडल्या. टोक सरकवलं, पुन्हा ऐकलं. हाताने खूण केली, बंद कर.

"आवाजच नाही," म्हणाले. रागावले होते. "टॅपेट कुठे गेले?"

"आवळले."

"किती? पाती जाते?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"का पण?"

काय सांगणार होते? तेच सांगितलं. "तुम्ही आहे म्हणत होतात ना."

अण्णांनी स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला. चौदा-पंधरा जमिनीकडे बघायला लागला. बरोबर ना, त्या दिवशी शिलाई मशीन होतं तेव्हाच गाडी ठीक होती, हे त्याच्याही लक्षात आलं असणार.

"तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही मग," अण्णा म्हणाले. "म्हणून किक हलकी. चढावर जळाला असता. अर्ध्या डोंगरात तू एकटी." हात पुढे करून त्यांनी माझं ऑइलचं बोट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं. "टॅपेटने थोडं बोललंच पाहिजे, ठके. गप्प बसलेला टॅपेट वाईट. मी तुला हे सांगायला हवं होतं. माझ्या भीतीपायी तू आवळत बसलीस."

इंजिन गार होईपर्यंत सगळे तिथेच थांबलो. मावशींनी चहा आणला. अण्णांनी बोळातूनच आकाशाची चिंधी बघितली आणि पत्रा गंजलाय म्हणाले. मग मी टॅपेट उघडले, ढिले केले, पाती घातली. या वेळी पाती त्यांनी स्वतः ओढली. बोटांना अजून सगळं कळतं. एकदा नको म्हणाले, एकदा आणखी नको म्हणाले, आणि तिसऱ्यांदा काही न बोलता पाती माझ्या हातात दिली.

किक जड लागली. मला पाय उचलून वजन टाकावं लागलं. इंजिन चालू झालं, आणि आली ती टिकटिक परत. बारीक, एकसारखी.

अण्णांनी मूठ दातात धरली. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. टोक हेडवरून चेनकडे नेलं, तिथून खाली, पुन्हा वर. मी वाट बघत होते. चौदा-पंधरा वाट बघत होता. किती वेळ झाला आणि ते थांबेचनात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तपासणी केव्हाच झालीय. ते नुसते ऐकत होते. एवढ्या वर्षांनी घरात काहीतरी वाजत होतं आणि ते त्यांना ऐकू येत होतं. तोंडाच्या कडेने लाळ गळत होती, त्याचंही भान नव्हतं. मावशींनी पदराने पुसली.

शेवटी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

"सोड," म्हणाले.

दादा, मी उद्या निघतेय. आज ती राहिलेली गोष्ट लिहायलाच हवी.

तू गेलास त्या दिवशी मी जिन्यात उभी होते. अण्णा गॅरेजमध्ये, पाठ तुझ्याकडे, कार्बोरेटर धूत होते. आदल्या रात्रीचं भांडण झालेलं, गॅरेज चालवायचं की नाही यावरचं. तू फाटकातून म्हणालास, "अण्णा, जातो." ते वळले नाहीत. तू पुन्हा म्हणालास, मोठ्याने. मग तू गाडीची किल्ली फाटकाच्या खांबावर ठेवलीस. तुझा चेहरा मी बघितला होता. मला तुझंच पटलं होतं. बापाने मागे वळूनसुद्धा बघू नये, याला काय म्हणायचं? इतकी वर्षं मी मनात तुझ्याच बाजूने होते.

काल संध्याकाळी त्यांना विचारलं, समोर बसून. "दादा गेला तेव्हा त्याने तुम्हाला हाक मारली होती, माहितीय?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "हाक मारली?" म्हणाले. "मला वाटलं, न सांगता गेला."

आणि दादा, मग ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काय म्हणाला? नक्की काय म्हणाला? मी सांगितलं, "अण्णा, जातो." त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. टकटक काढायला लावायचे, तसंच.

उद्या मी फाटकातून हाक मारणार नाही. आधी वर जाईन, खिडकीशी, उजेडात उभी राहीन आणि म्हणेन, अण्णा, येते. मग खाली येऊन किक मारीन. त्यांचा हात गजावर असेल.

सोबत मावशींचा नंबर दिलाय, पण फोन करू नकोस. फोनचा उपयोग नाही. ये. मागून बोलू नकोस, दारातून बोलू नकोस. समोर ये, तोंड दिसेल असा उभा राहा, आणि हाक मार.

ठकी